पडद्यावर नसलेली दोन वाक्ये

संगणक सुरू झाला तेव्हा पडद्याच्या उजव्या कडेला एकच चित्र उमटले. एरवी दोन उमटत. वरचे संगणकाच्या पोटातल्या डिस्कचे, आणि त्याच्याखाली, क्षणभर उशिराने, जिना चढून धापा टाकत आल्यासारखे, बाहेरच्या डिस्कचे. आज खालची जागा करडी आणि रिकामी राहिली. कडूबाने वाट पाहिली. टेबलावर बाहेरच्या डिस्कची ती पांढरट पेटी नेहमीसारखी घुमत होती; तिचा हिरवा दिवा लागलेला होता; तिच्यावर हात ठेवला तर तळव्याला ती बारीक थरथर लागत होती, जी त्याला नेहमी मेंढीच्या बरगडीची आठवण करून देई. म्हणजे ती जिवंत होती. फक्त संगणकाच्या लेखी ती नव्हती. हे ध्यानात आले त्या क्षणी त्याला जे वाटले ते भय नव्हते. ते हलके वाटणे होते, डोक्यावरची पाटी कोणी अलगद उतरवून घ्यावी तसे. आणि त्या हलकेपणाच्या पाठोपाठ, तितक्याच अलगदपणे, त्याची लाज आली.

"क्या हुआ रे केशव? भूत बघितल्यासारखा काय बसलास?" शफीभाईंनी पलीकडच्या टेबलावरून त्याला विचारले.

"बाहेरची डिस्क दिसत नाही."

"दिसत नाही म्हंजे? सामने तो रखी है."

"मशीन ओळखत नाही तिला."

"काल तर ओळखत होती. दोघांचं भांडण लावून दिलंस काय?" शफीभाई स्वतःच्याच विनोदावर हसले, मग हसू आवरून उठले, पेटीशी वाकले आणि कान लावून ऐकू लागले. त्यांचे वडील कातिब होते. लग्नाच्या उर्दू पत्रिका बोरूने लिहीत. शफीभाईंनी बोरू सोडला, चिकलठाण्याला आणि वाळूजला कंपन्या उभ्या राहू लागल्या तेव्हा कर्ज काढून हे यंत्र आणले, आणि औरंगपुऱ्यातल्या या माडीवर कंपन्यांची लेबले, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीची पत्रके असे सगळे एका छताखाली जुळू लागले. पण ऐकायची सवय कातिबाच्या घरातली होती. कागदावर बोरू फिरतो तसे काहीतरी पेटीतून ऐकू येत होते, असे ते म्हणत. "चालू तो है बेचारी. बघ बाबा, काय ते बघ. वच्छलाबाईंचं पुस्तक हिच्यातच आहे ना? उद्या छापखान्यात गेलं नाही तर जयंतीला निघत नाही. आज येणारेत मायलेक."

होय, हिच्यातच होते. आणि फक्त हिच्यातच. संगणकाची स्वतःची डिस्क लहान, म्हणून दुकानातले प्रत्येक काम बाहेरच्या डिस्कवर राही; आठवड्यातून एकदा त्याची फ्लॉपीवर नक्कल करून ठेवणे कडूबाकडे होते. या पुस्तकाची नक्कल त्याने केली नव्हती. राहून गेली, असे तो स्वतःला सांगत आला होता. पण काही गोष्टी राहून जातात आणि काही राहू दिल्या जातात, आणि त्या दोहोंतला फरक फक्त ज्याच्याकडून राहतात त्यालाच कळतो.

जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळाले. त्या संध्याकाळी शहराच्या अर्ध्या भागात निळा गुलाल उधळला गेला होता आणि अर्ध्या भागात दुकानांची दारे अर्धी ओढलेली होती. कडूबा त्या दोन्ही भागांच्या मधल्या रस्त्यावरून मुकुंदवाडीच्या आपल्या आणि वडिलांच्या खोलीकडे चालत गेला होता, दोन्हीकडून नजर चुकवत. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सूर्यभान माडीचा जिना चढून आला. वाळूजच्या कंपनीचा निळा सदरा, ओठांवर नुकती फुटलेली मिशी. त्याला आपल्या आईचे पुस्तक काढायचे होते. सोळा वर्षांपूर्वी नामांतराच्या दंगलीत त्यांचे गाव सुटले, त्या दिवसाचे. आईला लिहिता येत नाही. ती सांगेल, तुम्ही टाइप करा. "लई मोठं नाय, चाळीसएक पानं. पण तिच्याच शब्दांत पायजे," तो म्हणाला होता. मग दर रविवारी वच्छलाबाई त्या माडीवर येऊन स्टुलावर बसू लागली. चिकलठाण्याच्या औषध कंपनीत ती खोके भरायचे काम करी. बोलतानाही तिचे हात मांडीवर अदृश्य खोके बंद करत राहत. ती बोले आणि कडूबा ऐकता ऐकता थेट अक्षरे उमटवत जाई. ऐकून टंकण्याचा हात त्याला होता. कागद नव्हता, वही नव्हती. तिच्या तोंडून निघालेला शब्द त्याच्या बोटांतून सरळ त्या पेटीत जात होता.

गावाचे नाव तिने पहिल्याच रविवारी सांगितले. पिशोरच्या पलीकडचे, नदीच्या वळणावरचे. कडूबाची बोटे थांबली होती. मग पुन्हा चालू लागली.

ते त्याचे गाव होते. पण इथे तो कडूबा नव्हता. आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली म्हणून, या पोराला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून, आईने त्याचे नाव कडू ठेवले होते. शहरात आल्यावर, या माडीवर पहिल्या दिवशी शफीभाईंनी नाव विचारले तेव्हा त्याच्या तोंडून केशव निघून गेले. एका शब्दात काम झाले. एका नावासाठी लोकांनी इतकी वर्षे घरेदारे गमावली, आणि त्याला आपले नाव टाकून द्यायला एक श्वासही पुरला होता. शफीभाईंना अर्थातच यातले काही ठाऊक नव्हते. "या शहराचं सालं नशीबच असं," ते एकदा म्हणाले होते, "ज्याला बघावं त्याला नाव बदलायची घाई. एक तूच भला, जनमसे केशव."

त्याने पेटी बंद केली, संगणक बंद केला. आधी पेटी लावायची, तिची चकती पुरती वेग घेऊ द्यायची, मग संगणक. हा क्रम चुकला तर संगणक जागा होताना पेटी झोपेत असते. क्रम त्याने पाळला. करडी जागा रिकामीच राहिली. त्याने मागची जाड केबल काढली, तिच्या दातांवर फुंकर मारली, पुन्हा घट्ट बसवली. एकामागे एक जोडलेल्या यंत्रांच्या साखळीच्या शेवटी लावायचे ते बोटभर बूच न पाहताच चाचपले. ते जागेवर होते. हे सारे तो सावकाश, मन लावून करत होता, आणि शफीभाईंच्या नजरेला तो घाबराघुबरा, प्रामाणिक कारागीर दिसत असणार हे त्याला कळत होते. पण पेटीच्या पलीकडे, साखळीतले दुसरे यंत्र, काल संध्याकाळी त्याने स्वतः जोडलेला सेकंडहँड स्कॅनर बसला होता, आणि त्याच्याकडे तो पाहत नव्हता. साखळीतल्या प्रत्येक यंत्राला मागच्या बाजूला एक आकडा असतो. दोघांचा आकडा एकच झाला तर संगणक एका हाकेला दोन ओ ऐकतो आणि गोंधळून कोणालाच ओळखत नाही. पेटीचा आकडा चार होता. काल स्कॅनरची केबल खोचताना त्याच्याही मागच्या छोट्या खिडकीत त्याला चारच दिसला होता. बदलायला हवा, असे वाटले होते. मग बोटे पुसत तो दुकान बंद करून निघाला होता.

हे विसरणे होते का? तो स्वतःला विचारत होता आणि उत्तर येण्याआधी पुन्हा केबल काढत होता.

त्या दिवसाचे वच्छलाबाईने तिसऱ्या की चौथ्या रविवारी सांगितले. वस्तीकडून धूर दिसू लागला तेव्हा ती, तिचा नवरा, कडेवर सूर्यभान आणि नवऱ्याच्या पाठीवर त्याची म्हातारी आई साळूबाई, असे चौघे ओढ्याने निघाले. दिवेलागणीला ते गावाबाहेर धनगराच्या मेंढरांच्या वाडग्यापाशी आले. तिथे ती रोज गवत कापायला जायची. काट्यांचे फाटक लावलेले होते, आत चिमणी जळत होती. 'आम्ही फाटकापाशी उभे राहिलो,' ती म्हणाली, आणि तिचे हात मांडीवर थांबले. 'कुत्री भुंकली नाहीत. त्यांनी आम्हाला ओळखलं. आतून कोणी आलं नाही. मग आम्ही ज्वारीच्या रानात शिरलो.' रानातल्या चिखलात, नवऱ्याच्या पाठीवरच, साळूबाई गेली. सोयगावला पोचेपर्यंत ती गेल्याचे त्याने कोणाला सांगितले नाही.

कडूबाने ते सगळे उमटवले होते. ती गेल्यावर पुन्हा वाचले. आणि मग, कोणी मागे उभे नाही हे पाहून, त्याने मधली, कुत्र्यांची, दोन वाक्ये काढून टाकली होती. फक्त दोन. छोटी. ती काढल्यावर उरलेली वाक्ये अशी सहज एकमेकांना भिडली की तिथे कधी काही होते असे वाटेना.

कारण तेवढ्या दोन वाक्यांवर त्याच्या घराची सगळी भिंत उभी होती. मल्हारराव, त्याचे वडील, गेली सगळी वर्षे एकच सांगत आले होते: कुत्री भुंकली नाहीत, मग मला कसं कळावं? नातेवाइकांना सांगत, पंचायतीत सांगत, कोणी विचारले नाही तरी सांगत. पुढे रानांवर पत्र्याच्या शेड आल्या, चरायला जागा उरली नाही, मेंढरे विकून ते चितेगावच्या एका कारखान्यात फाटकावर पहारेकरी झाले. येणाऱ्याजाणाऱ्यासाठी दिवसभर फाटक उघडत आणि लावत, आणि चहाच्या टपरीवर परक्या माणसांनाही सांगत, कुत्री भुंकली नाहीत. ऐकणाऱ्याला ते पटे. पण ज्याच्या घरात मेंढरे आहेत त्याला ते कसे पटावे? वाडग्याची कुत्री भुंकली तर परका आला. भुंकली नाहीत आणि फाटकापाशी धावली, शेपट्या काट्यांवर आपटू लागली, घशातल्या घशात लाडाने कुंई कुंई करू लागली, तर ओळखीचे माणूस आले. हे धनगराच्या लेकराला चालता येण्याआधी कळते. त्या संध्याकाळी कडूबा दहा वर्षांचा होता आणि वडिलांसमोर ताटावर बसला होता, आणि काट्यांवर शेपूट आपटण्याचा तो आवाज त्याने ऐकला होता. त्याने वडिलांकडे पाहिले होते. वडील एकच शब्द बोलले होते. तो शब्द त्याने आजवर कोणाला सांगितला नव्हता. आईला, बानाबाईला, तिच्या शेवटच्या आजारातही नाही.

वडिलांना वाचता येत नव्हते. ते पुस्तक त्यांच्या हाती पडले तरी चुलीपाशी ठेवतील एवढेच. मग वाक्ये काढली ती कोणासाठी? या प्रश्नापाशी तो रोज रात्री येई आणि रोज कूस बदलून घेई. पण याहून वाईट गोष्ट पुढची होती. सगळे जुळवून झाल्यावर वच्छलाबाईला वाचून दाखवायचे ठरले. सूर्यभानची दुसरी पाळी होती, ती एकटीच आली. पदर डोक्यावरून घेऊन, पोथी ऐकायला बसावे तशी बसली. कडूबा पडद्यावरून वाचत गेला. फाटकापाशी आला. आणि पडद्यावर नसलेली ती दोन वाक्ये त्याने जिथे हवी तिथे, तिच्याच आवाजाच्या उतारासकट, तोंडाने म्हटली. तिने मान हलवली. "बराबर," ती म्हणाली. अक्षर न येणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत त्याने तिची वस्तू तिला दाखवली होती आणि मुठीत परत ठेवून घेतली होती.

दुपारी उन्हाने माडीचे पत्रे तडकू लागले तेव्हा जिन्यावर चपला वाजल्या. पुढे सूर्यभान, मागे कठड्याला धरून वच्छलाबाई. तिच्या हातात जेवणाचा डबा तसाच होता.

"झालं का हो केशवभाऊ? छापखानेवाला म्हनतोय सकाळीच आना," सूर्यभान म्हणाला.

शफीभाईंनी कडूबाकडे पाहिले, मग स्वतःच सांगून टाकले. डिस्क बिघडली. म्हणजे चालू आहे, पण मशीन तिला ओळखत नाही. सकाळपासून खटपट चालू आहे. बंबईहून माणूस बोलवावा लागेल बहुतेक.

"अन् आईचं?"

"त्याच्यातच."

सूर्यभानचा चेहरा आधी कोरा झाला, मग तांबडा. "दुसरीकडं कुटं नाय? कागदावर? कशावरच नाय?" तो कडूबाकडे वळला. "भाऊ, तुम्ही तर इतकं शिकलेले. एवढी अक्कल नाय का आली?"

"गप रे," वच्छलाबाई म्हणाली. तिने पेटीकडे पाहिले. तिचा हिरवा दिवा, तिची घरघर. "चालू तर हाय की. मग वळखत का नाय?" ती स्टुलावर बसली, डबा पायाशी ठेवला, पदर नीट केला. "जाऊ दे. त्याला काय व्हतंय. मी पुन्ना सांगते. हे दुसरं चालतंय ना? ह्याच्यात लिव्ह."

"आई, लई हाय ते."

"मला ठाऊक नाय का किती हाय? माजंच हाय." ती किंचित हसली. "लिव्ह रं बाबा."

कडूबाने कोरे पान उघडले. आणि त्याला एकदम, लख्ख, दिसले की सुटका कशी होणार आहे. ती पुन्हा सांगेल. फाटकापाशी येईल. कुत्री भुंकली नाहीत, म्हणेल. या वेळी तो ते जसेच्या तसे ठेवील. वाक्ये परत येतील, आणि ती कधी गेली होती हे कोणालाही, कधीही कळणार नाही. पेटी तशीच मुकी राहो. त्याचे पाप त्या पेटीत बंद होऊन बंबईच्या माणसाकडे जाईल आणि तिथे पुसले जाईल. त्याला फक्त बसून टंकायचे होते. बोटे हलकी झाली.

ती सांगू लागली. पण रविवारची ती बाई ही नव्हती. रविवारी ती हळूहळू, आडवाटेने, आधी चुलीचे, गवताचे, साळूबाईच्या दम्याचे सांगत त्या दिवसाकडे जाई. आज वेळ कमी म्हणून ती थेट धुरापाशी गेली. तिचा आवाज पहिल्या दोन वाक्यांतच सुकला. मांडीवरचे हात खोके बंद करेनात. त्यांनी एकमेकांना धरून ठेवले. "मग मालक म्हनले, मायला मी घेतो, तू पोराला घे…" ती थांबली. पाणी मागितले. शफीभाईंनी गडवा भरून दिला. ती प्याली नाही, नुसता हातात धरून राहिली. कपाळावर घाम आला होता. "सांगते. सांगते. जरा दम खाऊ दे." सूर्यभान खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. कडूबाने तिच्याकडे पाहिले, आणि त्याला कळले की ती अजून ओढ्यातच आहे. तिला अजून फाटकापर्यंत यायचे आहे, तिथे उभे राहायचे आहे, आणि मग ज्वारीत शिरायचे आहे. त्याच्या सुटकेसाठी साळूबाई पुन्हा एकदा मरणार होती.

"थांबा मावशी," तो म्हणाला. "सांगू नका."

तो उठला. संगणक बंद केला, पेटी बंद केली, टेबलाच्या मागे गेला, आणि पेनाचे टोक स्कॅनरच्या मागच्या त्या बारीक खाचेत घालून एकदा दाबले. चाराचा पाच झाला. एवढेच होते. त्याने पेटी लावली, तिला वेग घेऊ दिला, मग संगणक. पडद्यावर वरचे चित्र उमटले. आणि खाली, धापा टाकत, दुसरे.

"या अल्ला!" शफीभाई ओरडले. "इतनीसी बात? सकाळपासून काय करत होतास मग?"

कडूबाने त्यांच्याकडे पाहिले नाही. फाइल उघडली. त्याला हवे ते पान त्याच्या बोटांना तोंडपाठ होते.

"मावशी, एकदा वाचतो. ऐका."

"वाच."

या वेळी त्याने डोळे पडद्यावरून हलू दिले नाहीत. "'दिवेलागण झाली होती. आम्ही फाटकापाशी उभे राहिलो. आतून कोणी आलं नाही. मग आम्ही ज्वारीच्या रानात शिरलो.'" तो थांबला. पंखा फिरत होता.

"कुत्री ऱ्हायली," वच्छलाबाई म्हणाली.

"इथं नाहीत."

"मागल्या टायमाला तर वाचली तू."

"तोंडानं म्हटली होती. इथं तेव्हाही नव्हती. मीच काढली होती."

सूर्यभान खिडकीपासून वळला. "काढली? कोनी सांगितलं काढायला? तुमच्या बापाचं पुस्तक हाय का हे?"

"माझं नाव केशव नाय," कडूबा म्हणाला, आणि त्याला जाणवले की या माडीवर तो पहिल्यांदाच आपल्या घरच्या बोलीत बोलतो आहे. "मी कडूबा. मल्हाररावांचा. त्या वाडग्याचा."

शफीभाई खुर्चीचा हात धरून उभेच राहिले. वच्छलाबाईने गडवा खाली ठेवला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, नाकाकडे, कानाकडे, जणू ओझे ठेवायला जागा शोधावी तसे.

"बानाबाईचा कडू?"

"व्हय."

"तू आत व्हतास?"

"व्हय. जेवत व्हतो. कुत्री फाटकावर शेपूट आपटत व्हती, ते आमाला ऐकू येत व्हतं. दोघांनाबी. मी बापाकडं बघितलं." इतकी वर्षे न सांगितलेला तो शब्द त्याने सांगितला. "बाप म्हनला, जेव."

"मग?"

"मग मी जेवलो."

खाली रस्त्यावर रिक्षाचा भोंगा वाजला आणि विरला. मग सूर्यभान टेबलापाशी आला. "लिहा. सगळं लिहा. तुमच्या बापाचं नाव घाला. मोठ्या अक्षरात घाला. कळू दे लोकांला."

कडूबाने बोटे अक्षरांवर ठेवली. तो तयार होता. त्याला ते हवेच होते. मल्हारराव हे नाव उमटले की काहीतरी फिटेल असे त्याला वाटत होते.

"नको," वच्छलाबाई म्हणाली. "त्याचं नको घालू."

"आई…"

"माज्या पुस्तकात कोन ऱ्हानार ते मी ठरवीन." ती सूर्यभानला म्हणाली, पण पाहत होती कडूबाकडे, आणि तिच्या नजरेत माफी नव्हती, राग म्हणावा तर तोही नव्हता. दिवसभराच्या कामावरून आलेल्या बाईची ती कोरडी, पुरी नजर होती. "तुमच्यात एक तांबडी कुत्री व्हती. कानाला चीर गेलेली. गवताला आले की मी तिला भाकर टाकायची. तुजी माय चांगली व्हती, पर माज्या हातचं तुमच्या घरात कोनी खाल्लं नाय. ती कुत्री खायाची. त्या दिवशी तीच आली व्हती फाटकाला, काट्यातून तोंड काढून माजा हात चाटला." तिने आपला उजवा हात किंचित उचलून पाहिला आणि मांडीवर ठेवला. "काय नाव व्हतं रं तिचं?"

"रतनी."

"रतनी," तिने म्हणून पाहिले. "इतकी वर्सं मला ठाऊकच नव्हतं बग. तिचं नाव घाल."

त्याने दोन वाक्ये जिथली होती तिथे परत ठेवली. कुत्री भुंकली नाहीत. त्यांनी आम्हाला ओळखलं. त्यांच्या पुढे त्याने तिसरे लिहिले: त्यातल्या तांबड्या कुत्रीचं नाव रतनी होतं. मग तो हात मांडीवर घेऊन बसला. संध्याकाळी मुकुंदवाडीच्या खोलीत वडील पाळीवरून येतील, ताट वाढून घेतील, त्याला हाक मारतील. तो विचार आला आणि उभाच राहिला.

"झालं?" वच्छलाबाईने विचारले. तिने स्टूल ओढले आणि पडद्याच्या अगदी जवळ, त्याच्या खांद्यापाशी येऊन बसली. अक्षरांकडे नव्हे, त्याच्या डोळ्यांकडे पाहत.

"आता वाच," ती म्हणाली. "बघून वाच."